आकाशातले सहा टँकर : ७८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची वाटचाल

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवरून डिझेल आणि बर्फ भरून निघालेला ट्रॉलर कितीही लांब जावो, परतीचे डिझेल शिल्लक राखूनच तांडेल पुढचा पल्ला ठरवतो. लढाऊ विमानाच्या वैमानिकालाही हाच हिशेब चुकत नाही. भारतीय वायुदलाला तो नव्याने मांडता आला, तो हवेत इंधन देणाऱ्या, आग्र्याच्या ७८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमुळे.

हवेतल्या हवेत इंधन देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग २७ जून १९२३ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोवर झाला. सप्टेंबर १९३४ मध्ये सर ॲलन कॉबहॅम वाटेत इंधन घेत, कुठेही न उतरता इंग्लंडहून भारत गाठायला निघाले. थ्रॉटलच्या जोडणीत बिघाड झाला आणि त्यांना माल्टात उतरावे लागले. पण त्यांनी ध्यास सोडला नाही. त्यांच्याच कंपनीने १९४९ साली सिद्ध केलेली होज आणि बास्केटची पद्धत आज भारतीय टँकर वापरतात.

२७ सप्टेंबर २००२ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० एमकेआय विमाने वायुदलात दाखल झाली. त्यांच्या नाकाजवळ इंधन घेण्याची दांडी, म्हणजे प्रोब, होती. पुढे हीच विमाने नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार होऊ लागली. त्यांना हवेत इंधन पाजणारी विमाने २००३ पासून ताश्कंदच्या कारखान्यातून आली : इल्युशिन-७८, एकूण सहा. त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या स्क्वाड्रनला ‘व्हॅलोरस मार्स’ हे नाव मिळाले.

या कामाचे कसब सांगण्याजोगे आहे. टँकरच्या दोन्ही पंखांखालून आणि शेपटीकडून एकेक होज सुटते. तिच्या टोकाला फुलासारखी उमललेली बास्केट वाऱ्यावर डुलत असते. मागचा वैमानिक टँकरपेक्षा किंचितच जास्त वेग ठेवतो आणि प्रोब बास्केटमध्ये सारतो. बास्केटकडे टक लावली की हात नकळत तिच्यामागे जातो, म्हणून त्याला नजर टँकरवर ठेवावी लागते. इंधन येऊ लागले की त्याचे विमान जड होत जाते, टँकर हलका होत जातो, आणि तेवढा वेळ दोघांनीही जागा सोडायची नसते.

२००४ च्या जुलैमध्ये जग्वार विमाने याच टँकरांच्या साथीने अलास्कातील सरावाला पोहोचली. २००८ मध्ये सुखोई नेवाडातील ‘रेड फ्लॅग’ सरावात उतरली. एवढ्या लहान ताफ्याने एवढी मजल मारावी, हे स्क्वाड्रनचे खरे वैभव.

अडचणी मात्र पाठ सोडत नव्हत्या. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार २०१० ते २०१६ या काळात ही विमाने सरासरी ४९ टक्केच उड्डाणयोग्य राहिली. अपेक्षा ७० टक्क्यांची होती. नव्या टँकरांसाठी काढलेली निविदा २०१० मध्ये रद्द झाली. दुसऱ्या फेरीत एअरबसची निवड होऊनही २०१६ मध्ये तीही मागे घेतली गेली. अशा वेळी आहे ती विमाने उडती ठेवली तंत्रज्ञांनी. त्यांची नावे कुठल्या बातमीत येत नाहीत, पण वीस वर्षांचे श्रेय आधी त्यांचे.

१० सप्टेंबर २०१८ रोजी स्वदेशी ‘तेजस’ने २०,००० फुटांवर, ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगात, याच इल्युशिनकडून १,९०० किलो इंधन घेतले. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारीला, पाकिस्तानातील बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या मोहिमेतही आग्र्याचा टँकर आकाशात होता. २०२० मध्ये फ्रान्सहून आलेल्या राफेलना वाटेत फ्रेंच टँकरांनी इंधन पाजले, तेव्हा आपल्या ताफ्याचा तोकडेपणा पुन्हा जाणवला.

२८ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने ‘मेट्रिया’ कंपनीकडून एक केसी-१३५ टँकर भाड्याने घेण्याचा करार केला. त्यावर वायुदलाबरोबर नौदलाच्या वैमानिकांनीही सराव करावा, असे ठरले. गोव्याच्या ‘हंसा’ तळावरची मिग-२९के विमाने एकमेकांना इंधन देऊ शकतात, पण मोठ्या टँकरची साठवण वेगळीच.

आग्र्याचे इल्युशिन आजही झेपावतात. मूळ मालवाहू आराखड्यात जिथे शेपटीचा तोफची बसायचा, तिथे इंधन सोडणारा कर्मचारी मागे तोंड करून बसतो. काचेतून त्याला होज, बास्केट आणि हळूहळू जवळ येणारे विमान दिसत असते.