गोंधळी आणि शाहीर : कवठे महांकाळ परिसरातील दोन संज्ञा

कवठे महांकाळसह सांगली-साताऱ्याच्या मुलखात पोवाडा गाणाऱ्यासाठी ‘शाहीर’ हा शब्द रूढ असला, तरी वीरकथा गाऊन सांगण्याचे काम या शब्दाइतकेच ‘गोंधळी’ या संज्ञेशीही जोडलेले आहे, आणि या दोहोंतील भेद ध्यानात घेतल्यावाचून पोवाड्याचा इतिहास नीट उलगडत नाही. ‘शाहीर’ हा अरबी ‘शाइर’, म्हणजे कवी, या शब्दाचा मराठी अवतार असल्यामुळे त्याचा मूळ रोख रचनेवर आहे. उलट गोंधळी हा कुळाचाराचा अधिकारी असून लग्नानंतर यजमानाच्या घरी चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्याच्या साथीने तो देवीला आवाहन करतो आणि पूर्वरंगातील गण व स्तवन आटोपल्यावर उत्तररंगात आख्यान लावतो. या आख्यानांत पुराणकथांबरोबर पोवाडेही येत.

‘पवाडा’ हा शब्द पराक्रम वा कीर्ती या अर्थाने ज्ञानेश्वरीत आढळतो. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाच्या रचनेपासून मात्र तो एका काव्यप्रकाराचे नाव म्हणून ठसठशीतपणे समोर येतो. पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या काळी शाहीर म्हणजे लावणी आणि पोवाडा रचणारा, असा अर्थ स्थिरावला. पुढे ऍक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा त्यांतील पुष्कळशा रचना गोंधळ्यांच्या तोंडून मिळालेल्या होत्या. शाहिरी वाङ्मयाच्या चर्चेत रचनाकाराचे नाव अग्रभागी राहते. पण पिढ्यान्‌पिढ्या पाठांतराने हे धन राखणाऱ्या गोंधळ्यांचे ऋण त्याहून थोडे नाही, आणि ते स्पष्टपणे नोंदले गेलेच पाहिजे.

विसाव्या शतकात सांगली-साताऱ्याच्या मुलखात शाहीर या शब्दाची व्याप्ती वाढली. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लावणीमुळे शाहीर म्हणवले गेले, तर 1943 ते 1946 या, ब्रिटिश राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकम डफाच्या तालावर सभा जागवीत होते. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले आणि कामगारांच्या जिण्याला पोवाड्यात जागा दिली, म्हणून ‘लोकशाहीर’ हे बिरुद त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.