पिशवी

माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. गर्भाशयात गाठी होत्या, रक्तस्राव औषधांनी थांबत नव्हता, अंगातलं रक्त पार उतरलं होतं. घरी आल्यावर शेजारच्या काकू भेटायला आल्या. डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "सुटलीस गं बाई. पण आता आतून रिकामी झालीस, जपून राहा." त्या मायेनंच बोलल्या. पण 'रिकामी' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. रात्री पोटावर हात ठेवून मी त्या रिकाम्या जागेचा अंदाज घेत असे. टाक्यांच्या व्रणाकडे बघायला नको, म्हणून आरशाकडे पाठ करून साडी नेसत असे.

श्रोतेहो, बाईचं सगळं बाईपण या एका अवयवात आहे ही समजूत आली कुठून, याचा शोध मी पुढे घेतला. ती फार जुनी निघाली. प्राचीन ग्रीकांची कल्पना अशी की गर्भाशय शरीरभर भटकतं. ते वर सरकलं की बाईचा श्वास कोंडतो, मन बिघडतं. मग त्याला खाली आणण्यासाठी नाकाशी दुर्गंध आणि खाली सुगंध धरायचा! गर्भाशयाला ग्रीकमध्ये 'हिस्टेरा' म्हणतात. त्यावरूनच 'हिस्टेरिया' आला आणि 'हिस्टेरेक्टमी'ही. दुसऱ्या शतकात सोरानस नावाच्या वैद्यानं ठणकावून सांगितलं की गर्भाशय हा काही भटका प्राणी नाही. खाली उतरून सडलेलं गर्भाशय काढलं तरी बाई जगू शकते, हेही त्यानं लिहून ठेवलं. पण त्याचं कोण ऐकतो!

पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याची वाट बायकांच्याच सोसण्यातून तयार झाली. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकी प्रांतात जेन टॉड क्रॉफर्ड ही स्त्री पोटातली प्रचंड गाठ घेऊन साठेक मैल घोड्यावरून डॉ. एफ्राइम मॅकडॉवेल यांच्याकडे आली. भुलीचं औषध तेव्हा नव्हतंच. शुद्धीत असतानाच तिच्या बीजांडकोशाची गाठ काढली गेली. त्यानंतर ती तीस वर्षांहून अधिक जगली. १८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी पोटातून गर्भाशय काढलं, पण रुग्ण दगावली. १८५३ मध्ये वॉल्टर बर्नहॅम यांची रुग्ण वाचली. गंमत म्हणजे तिथंही निदान चुकलं होतं. बीजांडकोशाची गाठ समजून पोट उघडलं आणि निघालं गर्भाशय. पुढे भूल सुधारली, लिस्टरनं जंतुनाशकं आणली, तेव्हा कुठे ही शस्त्रक्रिया जीवदान ठरू लागली.

पण सुरी सुरक्षित झाली की ती सोपीही वाटू लागते. १८७२ पासून रॉबर्ट बॅटी या अमेरिकन शल्यविशारदानं पाळीच्या त्रासावर आणि 'वेडा'वर उपाय म्हणून चांगले बीजांडकोश काढायला सुरुवात केली. त्याचं बघून इतरांनीही तेच केलं. दोन हजार वर्षांपूर्वीची ती समजूत आता हातात सुरी घेऊन उभी होती.

हे सगळं परदेशातलं, जुनं, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची हकीकत बाहेर आली. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक खाडा झाला की दंड. पाळीत दुखलं, अंगावरून गेलं, तरी फडात थांबता येत नाही. मग कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यात कितीतरी ऐन उमेदीतल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

म्हणून एका बाजूला 'पिशवी गेली, बाई संपली' असं म्हणणारे, तर दुसऱ्या बाजूला 'मुलं झाली, आता ती काय कामाची' असं म्हणणारे. दोघंही बाईला पिशवीनंच मोजतात.

मला कोणी आधी सांगायला हवं होतं ते आज मी सांगते. गर्भाशय मुठीएवढं असतं. ते काढल्यावर पोकळी राहत नाही, आतडी ती जागा घेतात. पाळी थांबते, मूल होत नाही. पण बीजांडकोश ठेवले असतील तर त्यांचं काम चालू राहतं. तेही काढले तर मात्र अंगातून वाफा येणं, घाम, हाडं ठिसूळ होणं हे लवकर सुरू होऊ शकतं. म्हणून 'काय काढणार, काय ठेवणार?' हे आधी विचारा. गाठींवर, रक्तस्रावावर दुसरा इलाज आहे का, हेही विचारा. कॅन्सरसारख्या कारणासाठी शस्त्रक्रिया लागली तर घाबरून टाळू नका. पोट उघडून केली असेल तर सहा-आठ आठवडे कळशी-बादली उचलू नका. पोट काही दिवस फुगलेलं वाटेल, व्रणाभोवती बधिर वाटेल, विनाकारण रडू येईल. रडू आलं तर रडा. नवऱ्याशी जवळीक डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करता येते. लाजून गप्प बसू नका.

माझे बीजांडकोश ठेवले होते, हे मला तीन वर्षांनी कळलं. दवाखान्यातून मिळालेल्या इंग्रजी कागदावर ते लिहिलं होतं. कोणी समजावून दिलं नाही आणि बीए झालेली मी, मीही तो उघडून वाचला नाही. ती तीन वर्षं प्रत्येक घाम, प्रत्येक चिडचिड मी त्या 'रिकाम्या' जागेच्या खात्यावर लिहीत होते.

अरबीत गर्भाशयाला 'रहिम' म्हणतात आणि दयेला 'रहम'. दोन्ही शब्द एकाच धातूतले. अम्मीच्या तोंडी 'रहम' सतत असायचा, पण हे नातं मला उशिरा कळलं. गर्भाशय काढता येतं. माया मात्र कुठल्याही शस्त्रक्रियेत निघत नाही. आता मी आरशासमोर उभी राहून साडी नेसते. व्रण आहे, तो माझाच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)