निळ्या तारेचा इतिहास : सर्किट बोर्डावरील चुका आणि त्यांची दुरुस्ती

२८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. बहुस्तरीय मुद्रित सर्किट बोर्ड, म्हणजेच पीसीबी, देशात तयार व्हावेत हाही तिचा एक हेतू. यंत्रे विकत घेता येतात. परंतु सदोष बोर्ड ओळखणे, तो सुधारणे आणि तीच चूक पुन्हा होऊ न देणे ही विद्या अनुभवानेच येते. या उद्योगाचा इतिहास हेच सांगतो.

व्हिएन्नात शिकलेले अभियंते पॉल आइस्लर १९३६ मध्ये लंडनला गेले आणि १९४३ मध्ये त्यांनी मुद्रित सर्किटच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याआधी रेडिओतील जवळजवळ प्रत्येक जोडणी हाताने तार डाखून केली जाई. तार चुकली, तर ती काढून योग्य जागी डाखली की काम भागे. आइस्लर यांच्या पद्धतीत तांब्याचा पातळ पत्रा विद्युतरोधक फळीवर चिकटवून नको असलेला भाग रसायनाने विरघळवला जाई. एकसारखे असंख्य बोर्ड निघू लागले. पण आराखड्यातील एक चूकही आता प्रत्येक बोर्डावर उमटू लागली.

कारखान्यातील दोष याहून निराळे. तांबे पुरते विरघळले नाही, तर शेजारच्या दोन रेघा जोडल्या जाऊन शॉर्ट होतो. अधिक विरघळले, तर रेघ तुटते. छिद्र जागेवरून सरकते किंवा त्याच्या आतील तांब्याचा लेप अपुरा राहतो. उपाय साधे होते. शॉर्ट असेल तेथे धारदार पात्याने तांबे कापायचे. रेघ तुटली असेल तेथे रोधक आवरणाची बारीक तार डाखायची.

या तारांना नावेही मिळाली. आयबीएमच्या बोलीत कारखान्यात जोडलेली दुरुस्तीची तार ‘निळी’, तर ग्राहकाकडे गेलेल्या अभियंत्याने जोडलेली ‘जांभळी’. गंमत म्हणजे ही जांभळी तार प्रत्यक्षात पुष्कळदा पिवळीच असे. नाव रंगाचे होते, पण नोंद जबाबदारीची होती : चूक कोठे सापडली आणि कोणी सुधारली, हे त्यातून कळे.

१९५७ मध्ये अमेरिकेतील सहा बोर्ड-उत्पादकांनी एकत्र येऊन पुढे आयपीसी या नावाने ओळखली गेलेली संस्था स्थापन केली. कोणता दोष चालेल, कोणता नाही आणि दुरुस्ती कशी करावी, याचे तिचे निकष आज जगभर वापरले जातात. अवकाशयानांतील बोर्डांच्या दुरुस्तीसाठी तर युरोपात स्वतंत्र मानक आहे. कारण उड्डाणानंतर तेथे डाखणीचे हत्यार पोहोचत नाही.

बहुस्तरीय बोर्डांनी मात्र पाते आणि तार यांची मर्यादा दाखवून दिली. आतल्या थरातील शॉर्टपर्यंत पाते सहसा पोहोचत नाही. म्हणून महागडे घटक बसवण्याआधीच कोऱ्या बोर्डावरील प्रत्येक जोडणी विद्युतचाचणीने तपासण्याची रीत रूढ झाली. कोरा बोर्ड टाकून देणे परवडते. भरलेला बोर्ड टाकणे जड जाते.

निळी तार हा कायमचा इलाज कधीच नव्हता. एक बोर्ड तिच्यामुळे वाचतो. पुढचे सगळे बोर्ड वाचतात ते त्या तारेची नोंद आराखड्यापर्यंत किंवा उत्पादनाच्या टप्प्यापर्यंत पोहोचली तरच. भारतात उभ्या राहणाऱ्या कारखान्यांची खरी कसोटी तेथेच लागेल.