ताळा कुणी कुणाचा घ्यायचा?

१९९४ साली आमच्या तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेत संगणक आला, तेव्हा मी तिथे लेजरवर होतो. पहिले तीन महिने दुहेरी काम. दिवसभर खतावणी हाताने लिहायची आणि संध्याकाळी तेच व्यवहार यंत्रावर चढवायचे. दोन्हीकडची शिल्लक जुळली की घरी. नाही जुळली तर सगळे आधी यंत्राकडे बोट दाखवत आणि बहुतेक वेळा चूक आमचीच निघे. पुढे हातखतावण्या बंद झाल्या. वर्षभराने एका पिग्मी एजंटाच्या भरण्यात तूट दिसली. यंत्र सांगते म्हणजे खरेच, असे ठरले आणि त्याच्या कमिशनातून ती कापून घेतली गेली. तो महिनाभर येरझारा घालत होता. ‘मी भरलेत हो पैसे,’ एवढेच त्याचे म्हणणे.

‘सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हा शब्द तेव्हा मी ऐकलाही नव्हता. पण यंत्र आणि माणूस यांचा हिशेब जुळेना, तर ताळा कुणी कुणाचा घ्यायचा, हा प्रश्न डोक्यात राहिला. त्याचा माग काढताना मी एका चहावाल्या इंग्रज कंपनीपाशी पोहोचलो.

जे. लायन्स अँड कंपनी म्हणजे लंडनची चहाची दुकाने, पाव, केक आणि आइस्क्रीम. एका कपावर नफा तो किती? त्यामुळे हिशेब पेनीपेनीचा आणि त्यासाठी कारकुनांची फौज. हिशेबाचे सर्वेसर्वा जॉन सिमन्स हे केंब्रिजचे गणिती. कारकुनी कामाच्या पद्धती तपासणारे स्वतंत्र कार्यालय कंपनीने १९३०च्या दशकातच काढले होते. १९४७ मध्ये ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड आणि रेमंड थॉम्पसन हे तिचे दोन अधिकारी अमेरिकेत जाऊन संगणक पाहून आले. मग केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स बांधत असलेल्या ‘एडसॅक’ला कंपनीने ३,००० पौंडांची मदत केली आणि त्याच नमुन्यावर स्वतःचे यंत्र उभारले. त्याचे नाव ‘लिओ’, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. बेकरीतल्या मालाचे मूल्य काढण्याचे आठवड्याचे काम त्याने नोव्हेंबर १९५१च्या अखेरीस पूर्णपणे अंगावर घेतले. नेमाने व्यापारी काम करणारा जगातला पहिला संगणक हाच.

‘पहिला’ या शब्दापेक्षा मला मधल्या तीन महिन्यांत जास्त रस आहे. हे काम लिओवर चाचणी म्हणून चालले ते ५ सप्टेंबरला. म्हणजे यंत्राकडून उत्तर येत होते, तरीही कारकुनाची वही मिटलेली नव्हती. लिओच्या सुमारे ६,००० व्हॉल्व्हांपैकी कोणता कधी दगा देईल याचा भरवसा नसे, म्हणून तंत्रज्ञ मुद्दाम विद्युतदाब कमीजास्त करून कच्चे व्हॉल्व्ह आधीच हुडकून काढत. आकड्यांची कागदी पट्टी दोनदा छिद्रित करून दोन्ही एकमेकींशी पडताळत. आज्ञावली विभाग डेव्हिड कॅमिनर यांच्या हाती होता. कॅमिनर मुळात कार्यालयीन पद्धतींचा माणूस, यंत्राचा नव्हे. बेरजा दोन वाटांनी जुळल्याखेरीज त्यांचे समाधान होत नसे. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने ओळीओळीने तपासायची, हा तिथला शिरस्ता.

पगारपत्रकाच्या वेळी ही शिस्त आणखी कडक झाली. एका कामगाराचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला ८ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद. असा आकडा पाहून कुणालाही मोह पडावा. तरीही १९५३च्या अखेरीपासून कित्येक आठवडे दोन्ही पगारपत्रके शेजारी शेजारी निघत राहिली आणि १९५४च्या सुरुवातीला कारकुनांना त्या कामातून मोकळे केले गेले. यंत्र परीक्षार्थी होते आणि परीक्षक होता कारकून. आमच्या बँकेतल्या त्या तीन महिन्यांचे मूळ मला इथे सापडले.

आता थोडी वंशावळ, कारण पुढची गोष्ट तिच्यावाचून कळणार नाही. १९५४ मध्ये लायन्सने लिओची वेगळी कंपनी काढली. १९६३ मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात गेली. १९६८ मध्ये विलीनीकरणे होऊन ‘आयसीएल’ जन्मली आणि १९९० मध्ये जपानच्या फुजित्सूने तिचा मोठा हिस्सा घेतला. (आयसीएलची भारतातली शाखा म्हणजे पुण्याची आयसीआयएम, आजची झेन्सार. तेव्हा या घराण्याशी आपले नाते अगदीच लांबचे नाही.) लिओचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते ब्रिटिश टपाल खाते. टेलिफोनची बिले काढणारे तिथले लिओ १९८१ पर्यंत चालू होते.

त्याच टपाल खात्यासाठी त्याच घराण्यातल्या कंपनीने ‘होरायझन’ बनवले. १९९६ चा करार मुख्यतः सरकारी भत्ते कार्डावर देण्यासाठी होता. १९९९ मध्ये तो भाग सरकारने रद्द केला आणि उरले ते टपाल कचेऱ्यांच्या हिशेबाचे काम. या हिशेबाच्या भागाची १९९८ मध्ये कंपनीतच तपासणी झाली होती. संख्येचे चिन्ह बदलायचे, म्हणजे अधिकचे उणे करायचे, तर तिच्यामागे उणे लावले की झाले. इथे त्या संख्येतून तिची दुप्पट वजा केलेली होती. उत्तर बरोबरच येते, पण लिहिणाऱ्याची समज उघडी पडते. हा भाग नव्याने लिहावा, असे तपासणाऱ्यांचे मत पडले. तो लिहिला गेला नाही. १९९९ च्या स्वीकृती चाचणीतही हिशेब न जुळण्याच्या नोंदी निघाल्या. त्यांवर वाटाघाटी झाल्या आणि यंत्रणा स्वीकारली गेली.

यानंतर परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्या जागांची अदलाबदल झाली. ब्रिटनमधली बरीच टपाल कार्यालये ‘सबपोस्टमास्तर’ करारावर चालवतात; बहुधा एखाद्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात. आपल्या चुकीने वा हलगर्जीपणाने आलेली तूट त्यांनी भरून द्यायची, असे करारात होते. पूर्वी तूट आली तर कागद चाळून ती शोधता येई. आता पडद्यावर फक्त एक आकडा दिसे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढच्या मुदतीचा हिशेब सुरू होत नसे. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क इथल्या कॅलेंडर स्क्वेअर कार्यालयात जो दोष उघड झाला, त्यात एका काउंटरवरून दुसऱ्यावर वळवलेली रक्कम पुन्हापुन्हा नोंदली जाऊ शके. असे दोष फुजित्सूच्या तंत्रज्ञांना ठाऊक होते. मदतीसाठी फोन करणाऱ्या सबपोस्टमास्तरला ते सांगितले जात नव्हते.

कायद्यानेही पाठ फिरवली. संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. १९८४ च्या कायद्यातले ते कलम एप्रिल २००० पासून रद्द झाले. म्हणजे होरायझन काउंटरांवर बसत होते, नेमक्या त्याच सुमारास. आता संगणक बरोबरच आहे असे गृहीत धरले जाणार होते. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. त्यांतले सुमारे ७०० खटले टपाल कंपनीने स्वतःच चालवले होते.

वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा या त्यांतल्या एक. नोव्हेंबर २०१० मध्ये ७४,००० पौंडांच्या तुटीबद्दल त्यांना १५ महिन्यांची कैद झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या. त्याच हंगामात टपाल कंपनी आणि फुजित्सू यांच्या एका बैठकीत होरायझनमधल्या नव्या दोषाची चर्चा झाली होती. हे बाहेर कळले तर चालू खटल्यांवर परिणाम होईल, अशी काळजी तिच्या टिपणात नोंदलेली आहे. चाचणी झाली, दोष सापडला, तो लिहूनही ठेवला, पण आरोपीच्या वकिलापर्यंत पोहोचला नाही. दर्जा-तपासणीच्या पाठ्यपुस्तकांत या प्रकारच्या अपयशाला मला अजून नाव सापडलेले नाही.

वेल्समधले काउंटर २००३ मध्ये हातातून गेलेले ॲलन बेट्स यांनी २००९ मध्ये सहकाऱ्यांची संघटना बांधली. ५५५ जणांच्या दाव्यात न्या. फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये निकाल दिला, की जुने होरायझन भरवशाचे नव्हतेच. हा निकाल बराचसा उभा राहिला तो फुजित्सूच्या ‘ज्ञात दोषांच्या’ नोंदींवर. टपाल कंपनीने त्या नोंदी दाखवायला सुरुवातीला नकार दिला होता. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. मिश्रा त्यांत होत्या. उरलेल्यांपैकी बहुतेकांसाठी २०२४ मध्ये संसदेला कायदाच करावा लागला. तोवर कित्येक जण मरण पावले होते.

आमच्या पिग्मी एजंटाकडे एक वही होती. रोज कुणाकडून किती घेतले ते तो खातेदाराच्या सहीसह लिहून ठेवी. पाच महिन्यांनी ती घेऊन तो बँकेत येऊन बसला आणि आम्ही दोघांनी यंत्राच्या छापील याद्यांशी एकेक दिवस ताडून पाहिला. एका बुधवारची यादी यंत्रावर दोनदा चढली होती. भरणा मात्र एकदाच दिसत होता. कापलेली रक्कम त्याला परत मिळाली. खात्यावर शेरा पडला, ‘तांत्रिक दुरुस्ती’.