भूकंपाची चाहूल : एका शोधाचा इतिहास



वादळाची व पुराची सूचना आधी मिळते, मग भूकंपाची का मिळत नाही, हा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. त्याच्या उत्तरामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात येथे सांगावयाचा आहे.

१८ एप्रिल १९०६ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने व पाठोपाठ लागलेल्या आगीने उद्ध्वस्त झाले. शेतांची सरळ कुंपणे मध्येच तुटून कित्येक फूट बाजूला सरकलेली आढळली. हॅरी रीड या शास्त्रज्ञाने भूकंपापूर्वीच्या व नंतरच्या जमीनमोजण्या ताडून पाहिल्या आणि १९१० साली आपला सिद्धांत मांडला. बांबूची कांब वाकवावी तसा खडकात ताण साठत जातो; तो असह्य झाला की भूगर्भातील भेगेच्या दोन्ही बाजू झटक्याने सरकतात. कारण तर कळले. पण कांब कोणत्या क्षणी सुटेल, हे कसे ओळखावे?

१९६७ साली बरीज व नॉपॉफ या शास्त्रज्ञांनी एक साधी प्रतिकृती मांडली. ठोकळे स्प्रिंगांनी एकमेकांस जोडून खरबरीत पृष्ठभागावरून सावकाश ओढावयाचे. ठोकळे अडतात, ताण साठतो, मग एकदम घसरतात. कधी एकच ठोकळा घसरतो, तर कधी सारी रांग. लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या क्वचित. निसर्गातील भूकंपांचेही तसेच आहे.

१९७३ साली दुसरा विचार पुढे आला. खडक मोडण्यापूर्वी त्यात बारीक भेगा पडतात, तो किंचित फुगतो व भेगांत पाणी शिरते. तसे असेल तर विहिरींची पातळी, जमिनीतून निघणारा रेडॉन वायू व कंपनलहरींचा वेग यांत आधीच फरक दिसावयास हवा. शास्त्रज्ञांच्या आशा पल्लवित झाल्या.

४ फेब्रुवारी १९७५ रोजी चीनमधील हायचेंग येथे मोठा भूकंप झाला. आधी लहान धक्क्यांची मालिका सुरू झाल्याने अनेक ठिकाणी लोकांना घराबाहेर काढण्यात आले होते व पुष्कळ जीव वाचले. परंतु २८ जुलै १९७६ रोजी पहाटे त्याच देशातील तांगशान शहर झोपेतच गाडले गेले. तेथे तशी पूर्वसूचना देणारे धक्के जाणवले नव्हते. सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली.

अमेरिकेतील पार्कफील्ड येथे सरासरी २२ वर्षांनी भूकंप होत आला होता. पुढचा १९९३ पूर्वी होईल असे अनुमान करून तेथे यंत्रांचे जाळे उभारण्यात आले. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी, आणि यंत्रांनी आधी कोणतेही स्पष्ट लक्षण टिपले नाही. ठोकळ्यांच्या रांगेचा धडा येथे आठवावा. पहिला ठोकळा हलला म्हणजे तो एकटाच थांबेल की सारी रांग ओढून नेईल, हे त्या पहिल्या हालचालीवरून सहसा सांगता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. १९६२ पासून कोयनेच्या धरणात पाणी साठू लागल्यावर तेथे लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे विनाशकारी भूकंप झाला. खडकांच्या भेगांत पाण्याचा दाब वाढला की त्यांची एकमेकांवरील पकड सैल होते. हे प्रत्यक्ष अभ्यासण्यासाठी कोयना भागात गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर खोदण्यात आले आहे.

तात्पर्य, कोणत्या प्रदेशात धोका अधिक आहे हे आज शास्त्र सांगू शकते. दिवस व घटका सांगू शकत नाही. म्हणून तारीख सांगत फिरणाऱ्या अफवांवर विश्वास ठेवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यांतील बहुतेक दगडमातीच्या जड भिंतींखाली व माळवदांखाली. पालकहो, घर बांधताना रंगाआधी भिंतींच्या मजबुतीचा विचार करा. चारही भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा घातला आहे की नाही, हे गवंड्याला विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, पदार्थविज्ञान व गणित यांची भीती बाळगू नका. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. तो सोडविणाऱ्यांत तुमच्यापैकी कोणी का नसावे?