दोन मोत्ये गळाल्यानंतर : पानिपतची वार्ता आणि तिचा स्वीकार

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, या दिवशी पानिपत येथे मराठी फौजेचा जो संहार झाला त्याची लष्करी व राजकीय कारणमीमांसा पुष्कळ झाली आहे. ती वार्ता दक्षिणेत कोणत्या शब्दांनी आली आणि ती खरी मानावयास लोकांस किती काळ लागला, हा प्रश्न मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. वास्तविक तो स्वतंत्र विचारास योग्य आहे. लढाई एका दिवसात संपली. तिची बातमी संपावयास पंधरा वर्षे लागली.

प्रारंभ सावकाराच्या चिठ्ठीपासून करावयास हवा. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे मोठी कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. डिसेंबरच्या अखेरीस पैठण येथे त्यांनी दुसरा विवाह केला होता आणि त्यानंतर ते माळव्याच्या रोखाने चालले होते. वाटेत एका कासिदाजवळची चिठ्ठी त्यांच्या हाती आली. हा कासीद सरकारी नव्हता. उत्तरेतील पेढ्यांनी आपल्या औरंगाबादच्या आडत्यांकडे तो धाडला होता आणि नऊ दिवसांत मजल गाठण्याचा करार करून तो निघाला होता. ग्रँट डफ हा प्रसंग नर्मदेच्या परिसरात घालतो. सरदेसाई भेलशास, २४ जानेवारीस घालतात. स्थळाचा वाद येथे महत्त्वाचा नाही. मजकूर सर्वश्रुत आहे : दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गमावल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.

या चिठ्ठीकडे शोकाचे अलंकारिक प्रकटन म्हणून पाहण्याची सवय आपल्या पाठ्यपुस्तकांनी लावली आहे. ती चूक होय. चिठ्ठी लिहिणारास शोक करावयाचा नव्हता. मराठी फौजेच्या नावावर ज्यांच्या हुंड्या फिरत होत्या त्यांना, बाजारात आवई उठण्यापूर्वी, आपला पैसा सावरावयाचा होता. म्हणून त्यांनी आपल्याच परिभाषेत, वाटेत कोणी उघडली तरी निव्वळ जमाखर्चाची वाटावी अशी चिठ्ठी लिहिली. मोती हा रत्नाचा जिन्नस, मोहर सोन्याची, रुपया चांदीचा, खुर्दा तांब्याचा. मोलाची उतरती भाजणी जशीच्या तशी माणसांच्या दर्जास लावलेली आहे. क्रियापदेही लक्षात घेण्याजोगी आहेत. मेले, पडले, कापले गेले असे एकही नाही. मोती गळतो, मोहर हरवते, खुर्दा मोजता येत नाही. ज्या चिठ्ठीने पेशवाईचा कणा मोडला असे म्हणतात तीत मृत्यूचा शब्दच नाही.

आणि तरीही चिठ्ठीत काहीही अपुरे नव्हते. दोन मोत्ये म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव; त्यांत एक गळाले व दुसऱ्याचा ठिकाणा नाही, असे सावकाराने लिहिले नव्हते. दोन्ही गळाली असे निःसंदिग्धपणे लिहिले होते. पुढील पंधरा वर्षांत या विधानात कोणी महत्त्वाची भर घातली नाही. उलट त्यातील एक मोती पुनःपुन्हा वजा करून पाहण्याचाच प्रयत्न झाला. अप्रिय माहिती हळूहळू कळते म्हणून ती हळूहळू मान्य होते, अशी सामान्य समजूत आहे. पानिपतच्या बाबतीत ती टिकत नाही. माहिती पहिल्या आठवड्यांतच पुरी कळली होती. जे हळूहळू झाले ते दुसरेच काही होते.

नानासाहेब त्यानंतर लगेच माघारी फिरले नाहीत. ते सिरोंजेच्या पुढे पछोर येथे येऊन थांबले आणि २२ मार्चपर्यंत तेथेच राहिले. या मुक्कामास सैनिकी दृष्टीने फारसा अर्थ उरला नव्हता. रणातून निसटलेले लोक तुकड्यातुकड्यांनी दक्षिणेकडे येत होते, आणि ज्याने त्याने शेवटी कोणास कोठे पाहिले ते सांगावयाचे होते. जो येईल त्याच्याजवळ एक तुकडा सत्य होते व शेष ऐकीव. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यातील १७५० ते १७६१ पर्यंतच्या पत्रव्यवहारामुळे, आणि पुढे पेशवे दप्तरातून सरदेसायांनी निवडून छापलेल्या कागदांमुळे, या काळातील वार्तांची ये-जा आपणांस पाहता येते. भाऊसाहेब अमुक ठिकाणी सुखरूप पोहोचले, अमक्याने त्यांस आसरा दिला, अशा आवया उठत होत्या व विरत होत्या.

येथे तत्कालीन मराठीच्या एका वैशिष्ट्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. दप्तरी भाषेत रणात पडलेल्यांसाठी नेमक्या संज्ञा होत्या : कोणी कामास आले, कोणी ठार पडले, कोणी जखमी, कोणी पाडाव झाले. घरी अंथरुणावर मृत्यू आला तर देवाज्ञा झाली. या प्रत्येक संज्ञेमागे पुढील कृती ठरलेली असे : वारसास सरंजाम, जखमीस बक्षीस, पाडावाच्या सुटकेसाठी खंडणीची बोलणी, मृतास क्रियाकर्म. परंतु ज्याचा ठिकाणाच लागत नाही अशासाठी कृती सुचविणारी संज्ञा या यादीत नव्हती. असा मनुष्य व्याकरणदृष्ट्याही विचित्र अवस्थेत राहतो. त्याच्याविषयी भूतकाळात बोलावे की वर्तमानात, हे बोलणारास ठरविता येत नाही. आदरार्थी ‘आहेत’ म्हणावे तर पुरावा नाही, ‘होते’ म्हणावे तर अशुभ.

अशुभाचे हे भय केवळ व्यक्तिगत भित्रेपणा नव्हे. मराठीच्या रोजच्या वापरात ते मुरलेले आहे. बांगडी फुटली तरी ती ‘वाढविली’ असे म्हणावयाचे, मंगळसूत्र तुटले तरी ‘वाढले’ म्हणावयाचे. जी भाषा काचेच्या बांगडीविषयी इतकी जपून बोलते, तिच्यात सौभाग्य गेल्याची वार्ता सरळ विधानाने देणे किती जड गेले असेल! पानिपतच्या संहारासाठी लोकांच्या तोंडी जो वाक्प्रचार रुळला तो ‘लाख बांगडी फुटली’ हा होता. त्यात ‘वाढली’ नाही, ‘फुटली’ आहे. संकेत मोडून बोलण्याइतका धीर लोकभाषेस आला, पण तो संख्येच्या आडून : लाख बांगडीविषयी असे बोलता येते, एका बांगडीविषयी नाही.

त्या एका बांगडीचे उदाहरण भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांचे. त्या स्वतः रणभूमीवर होत्या आणि विलक्षण हाल सोसून दक्षिणेत परतल्या. आपला पती मृत झाला हे त्यांनी मानले नाही. त्या सौभाग्यचिन्हांसह राहिल्या. याकडे एका दुःखी स्त्रीचा भ्रम म्हणून पाहणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. धर्मशास्त्राने बेपत्ता मनुष्याविषयी घाईने निर्णय करू नये असेच सांगितले आहे : बारा वर्षे वाट पाहावी व मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचा दहनविधी करावा, ही व्यवस्था निबंधग्रंथांत आढळते. म्हणजे वाट पाहणे ही त्या समाजाने मान्य केलेली अवस्था होती, तिला मुदत होती आणि तिचा शेवट करण्याचा विधीही होता. नवल आहे ते मुदत उलटल्यानंतरच्या स्वस्थतेचे. भाऊंच्या कुटुंबातील मंडळींनीही बाईंवर विधवेचे आचार लादल्याचे दिसत नाही. पेशव्यांच्या घराने एकाच वेळी दोन गोष्टी मानल्या : दरबारात भाऊ मृत, अंतःपुरात भाऊ परदेशी.

विश्वासरावांच्या बाबतीत असे काही घडले नाही, ही तुलना उद्बोधक आहे. गोळी लागून ते पडले हे अनेकांनी पाहिले, त्यांचे शव शत्रूच्या गोटात नेले गेले, आणि शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने त्यांचे दहन झाले. पाहणारे होते, शव होते, अग्नी होता. त्यांच्या आईचे, गोपिकाबाईंचे, दुःख कमी होते असे कोण म्हणेल? पण त्या दुःखास संशयाची फट नव्हती, म्हणून विश्वासरावांच्या नावाने बंड उभे राहिले नाही.

नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निवर्तले. त्यांचे सोळा वर्षांचे पुत्र माधवराव गादीवर आले. नंतर थोड्याच वर्षांत भाऊसाहेब म्हणविणारा एक इसम प्रकट झाला. हा सुखनिधान नावाचा बुंदेलखंडाकडील कनोजा ब्राह्मण. त्यास धरून आणले, रामशास्त्र्यांसारख्यांच्या देखरेखीखाली चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि किल्ल्यावर कैदेत गेला. प्रकरण येथे मिटावयास हवे होते. मिटले नाही, याचे कारण पुराव्यात शोधून सापडणार नाही. माधवराव १७७२ साली वारले, नारायणरावांचा १७७३ साली खून झाला, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि गादीवर १७७४ साली जन्मलेले मूल होते. अशा वेळी घरातील कर्ता पुरुष परत येणे ही गोष्ट केवळ संभवनीय नव्हे तर हवीशी झाली. १७६१ मध्ये भाऊ जिवंत असावेत असे लोकांस वाटले ते आप्तांच्या आशेमुळे. १७७६ मध्ये वाटले ते राज्याच्या गरजेमुळे. या दोन विश्वासांस एकच नाव देऊन आपल्या इतिहासकारांनी घोटाळा केला आहे.

१७७६ साली रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयास कैदेतून सोडून मानमरातब दिला. कोकणातील किल्ले भराभर त्याच्या हाती आले, फौज जमली, आणि तो बोरघाट चढून राजमाचीपर्यंत आला. पुण्याहून भिवराव पानसे व महादजी शिंदे यांची फौज चालून गेल्यावर त्याचा मोड झाला. गलबतातून पळत असता रघूजी आंग्र्यांनी त्यास पकडले, आणि पुण्यास पुन्हा चौकशी होऊन त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याचा वध करण्यात आला. या सर्व व्यवहारामागे नाना फडणीस होते. पानिपतच्या रणात ते भाऊंच्या लष्कराबरोबर होते, वय अठरा वर्षांचे. त्यांची आई त्याच प्रलयात नाहीशी झाली. आत्मचरित्रात त्यांनी आपल्या सुटकेची हकीकत लिहून ठेवली आहे. ठिकाणा न लागलेल्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय हे ज्यास घरातून ठाऊक होते, त्याच मनुष्यावर पुण्यातील ती वाट पाहणे बंद करण्याचे काम आले. त्यांनी ते निष्ठुरपणे केले असा आरोप आहे. तो करणारांनी ही बाजू ध्यानात घेतलेली दिसत नाही.

भाषेने मात्र आपल्या गतीने निकाल दिला. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार कोणत्याही पुऱ्या नाशास लागू लागला. ‘विश्वास पानिपतच्या लढाईत गेला’ ही शब्दश्लेषावर उभी म्हण विनोदाने वापरली जाऊ लागली, आणि ज्या नावाच्या उच्चाराने पेशव्यांच्या घरात आकांत झाला होता ते थट्टेचा विषय झाले. ‘संक्रांत कोसळणे’ ही उक्तीही याच लढाईतून आली असे आवर्जून सांगितले जाते. हे मत तपासून घ्यावे हे बरे. त्या काळी मकरसंक्रमण १४ जानेवारीस होत नसे. १७६१ मध्ये ते तीन-चार दिवस आधीच होऊन गेले होते. शिवाय संक्रांत वाहनावर बसून येते व ज्या दिशेस जाते तेथे अनिष्ट करते ही कल्पना पंचांगात आहेच. आजच्या तारखेवरून मागे जोडलेला हा संबंध दिसतो. पण असा संबंध जोडावासा वाटणे हेही त्या वार्तेचेच एक रूप होय : जी गोष्ट एकेकाळी मानवत नव्हती तिला आता तिथी-वारातून कारण मिळाले.

भाऊंच्या मृत्यूचे सर्वांत तपशीलवार निवेदन शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत केले आहे. शिर नसलेले एक धड सापडले, आणि ते अंगावरील खुणांवरून ओळखण्यात आले. मुजफ्फरखान गारद्याने पूर्वी केलेल्या वाराचा पाठीवरील व्रण ही त्यांतील एक. मागाहून शिरही मिळाले. हे निवेदन लिहिले गेले १७८० साली, म्हणजे तोतयास देहान्त शिक्षा होऊन चार वर्षे लोटल्यावर. आणि ते फारसीत असल्याने पुण्यातील सामान्य माणसाच्या कानावर त्या वेळी गेले असण्याचा संभव थोडा. न. चिं. केळकरांनी १९१३ साली ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले तेव्हा प्रेक्षागृहातील कोणासही भाऊ जिवंत असल्याचा संशय नव्हता. पडदा उघडण्यापूर्वीच नावात निकाल लागलेला होता.