रस्त्यावरच्या मिठाची कुळकथा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागात रस्त्यावरचं बर्फ काढत नसत, रूळ फिरवून दाबून टिकवत. घोड्यांच्या घसरगाड्या त्यावरूनच धावायच्या. छपराच्या लाकडी पुलांवर तर माणसं मुद्दाम फावड्यानं बर्फ पसरायची. काही शहरांनी मीठ टाकून पाहिलं, तेव्हा लोक चिडले: घसरगाड्या अडतात, बूट-कपडे खराब होतात.

मोटार आली आणि सगळं उलटलं. आधी वाळू आणि राख टाकून भागवलं. १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्यानं रस्त्यांवर मिठाचा प्रयोग केला. पॉट आइस्क्रीमच्या बादलीत बर्फावर खडेमीठ टाकतात, त्यामागचं शास्त्रही हेच: मिठाचं पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही. मात्र उणे नऊ-दहाच्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. १९४१-४२च्या हिवाळ्यात देशभरच्या महामार्गांवर सुमारे ५,००० टन मीठ पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर वादळ सरताच रस्ता काळाभोर दिसलाच पाहिजे, असं धोरण आलं आणि सत्तरच्या दशकात आकडा वर्षाला एक कोटी टनांच्या घरात गेला. माझ्या मते खरा घात या हट्टानं केला.

कारण बर्फ वितळतं, मीठ नाहीसं होत नाही. मिठातल्या क्लोराइडचं विघटन कोणताही जीवाणू करत नाही, मातीही ते फारसं धरून ठेवत नाही. ते गटारातून ओढ्यात जातं किंवा झिरपून भूजलात उतरतं. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळच्या इरॉन्डिक्वॉइट उपसागरात खारं, जड पाणी तळाशी इतकं साचलं, की १९७०च्या वसंतात वरचं-खालचं पाणी नेहमीसारखं पुरतं मिसळलंच नाही. अशा वेळी तळाला प्राणवायू पोचत नाही.

शास्त्रज्ञ सुजय कौशल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेलं चित्र तर अस्वस्थ करणारं आहे. बाल्टिमोरच्या ओढ्यांत हिवाळ्यात क्लोराइड समुद्राच्या पाव हिश्श्यापर्यंत, लिटरला सुमारे पाच ग्रॅम, चढलं होतं. जलचरांसाठी अमेरिकी सरकारनं सुचवलेली दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम आहे! आणि उन्हाळ्यातही तिथं जंगलातल्या ओढ्यांच्या शंभरपटीपर्यंत क्लोराइड होतं, कारण भूजलात मुरलेलं मीठ वर्षभर पाझरत राहतं.

विस्कॉन्सिनच्या पोल्क काउंटीत आता रस्त्यावरचं मीठ भिजवायला चीजच्या कारखान्यांतलं खारं पाणी वापरतात. कोरडे खडे उडून कडेला जातात, ओलं मीठ रस्त्याला धरून राहतं, म्हणून कमी लागतं. क्लोराइड मात्र त्यातही असतंच, आणि जमिनीत आधीच मुरलेलं मीठ पुढची कित्येक वर्षं ओढ्यांत उतरत राहणार आहे.